डाव्या वळणात नाक बाहेर, उजव्या वळणात मागचा भाग हलका: ऑल-व्हील ड्राइव्हचं अलाइनमेंट नक्की कुठे चुकतंय?

गंगापूररोड_३४०

नमस्कार मंडळी,

गाडी बीएमडब्ल्यू एम३४०आय एक्सड्राइव्ह (म्हणजे बीएमडब्ल्यूची ऑल-व्हील ड्राइव्ह, ताकद चारही चाकांना), ३८ हजार किमी झालेली. सस्पेन्शन कंपनीचंच, काही बदललेलं नाही. टायर पुढे २२५/४० आर१९ आणि मागे २५५/३५ आर१९, चारही एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे. वापर रोज शहरात, महिन्यातून दोन-तीनदा समृद्धीने मुंबई, अधूनमधून वणीमार्गे सापुतारा.

तक्रार अशी. डावं वळण घेताना नाक बाहेर जातं, स्टिअरिंग आणखी पिळावं लागतं. तेवढ्याच वेगात उजवं वळण घेतलं की गाडी पटकन आत येते, पण मागचा भाग हलका लागतो, ओल्या रस्त्यावर तर जास्तच. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग साधारण ३ अंश डावीकडे कललेलं राहतं. मागच्या डाव्या टायरची आतली कड खाल्ली गेलीय: आत ३ मिमी, मध्ये ५.५. मागचा उजवा आतून ४.५. पुढचे दोन्ही ५ च्या आसपास.

अलाइनमेंट गेल्याच महिन्यात एका वर्कशॉपमध्ये करून घेतलं. एकूण टो (वरून बघितलं तर चाकं पुढच्या बाजूला किती आत किंवा बाहेर वळलीत तो कोन; अधिक म्हणजे आत, टो-इन, उणे म्हणजे बाहेर, टो-आउट) पुढे-मागे दोन्हीकडे हिरवा, म्हणजे मर्यादेत आहे, म्हणून ‘ओके’ सांगितलं. प्रिंटवरचे आकडे:

पुढे कॅम्बर (समोरून बघितलं तर चाक किती कललंय तो कोन; उणे म्हणजे वरचा भाग आत): डावा −०°३५′, उजवा −०°२०′. एकूण टो +०°१०′.
मागे कॅम्बर: डावा −१°५०′, उजवा −१°४०′. टो: डावा −०°०४′, उजवा +०°२०′, एकूण +०°१६′.

सगळं हिरवं असताना दोन बाजूंना गाडी वेगळी का वागते? आणि मागचे फक्त दोनच टायर बदलले तर एक्सड्राइव्हला चालेल का?

सातपूर_पाना

भाऊ, उत्तर तुमच्याच प्रिंटवर आहे. मागची ओळ पुन्हा वाचा.

मागचा एकूण टो १६ मिनिटं (१ अंश म्हणजे ६० मिनिटं), तो ठीकच आहे. पण ही बेरीज ८ अधिक ८ अशी यायला हवी होती. तुमच्याकडे ती उणे ४ अधिक २० अशी आलीय. मशीनला बेरीज पटली, रस्त्याला पटत नाही.

आता याचा अर्थ चाकावर काय होतो ते बघू. मागचं उजवं चाक २० मिनिटं आत, म्हणजे डावीकडे बघतंय. मागचं डावं चाक ४ मिनिटं बाहेर, म्हणजे तेही डावीकडेच बघतंय. दोघांची सरासरी १२ मिनिटं डावीकडे. मागची चाकं गाडीला ज्या दिशेने ढकलतात ती रेषा गाडीच्या मधल्या रेषेशी १२ मिनिटांचा कोन करते. मशीनवर हिलाच ‘थ्रस्ट अँगल’ म्हणतात. मागचा भाग डावीकडे सरकत राहतो, गाडीचं तोंड उजवीकडे वळू पाहतं, आणि सरळ जायला तुम्हाला स्टिअरिंग डावीकडे धरावं लागतं. १२ मिनिटं म्हणजे ०.२ अंश. स्टिअरिंगचं गुणोत्तर साधारण १४ धरलं तर हातात पावणेतीन अंश होतात. तुम्ही ३ लिहिलंय. हिशेब तंतोतंत जुळतो.

यावरून आणखी एक गोष्ट कळते. पुढचा टो गाडीच्या मधल्या रेषेवरून लावला गेलाय. मागच्या चाकांच्या रेषेवरून लावला असता तर गाडी तिरकी चालली असती, पण स्टिअरिंग तरी सरळ दिसलं असतं. म्हणजे बहुतेक मशीनवर फक्त पुढच्या चाकांचं काम झालंय, मागचे आकडे नुसते छापून आलेत.

आता वळणं. वळणात वजन बाहेरच्या चाकावर जातं, म्हणून बाहेरच्या मागच्या चाकाचा टो सगळ्यात महत्त्वाचा. उजव्या वळणात बाहेरचं चाक डावं. तुमचं डावं मागचं चाक टो-आउट आहे, म्हणजे भार आल्यावर ते मागचा भाग बाहेर घेऊन जातं. म्हणून हलका वाटतो. डाव्या वळणात बाहेरचं चाक उजवं, त्याला २० मिनिटं टो-इन, म्हणजे मागचा भाग रस्त्याला चिकटून बसतो आणि गाडी फिरायला तयार होत नाही. वर त्याच बाजूच्या पुढच्या चाकाला कॅम्बर फक्त २० मिनिटं. दोन्ही गोष्टी एकाच दिशेने काम करतात, म्हणून डाव्या वळणात नाक बाहेर.

टायर खाण्याचं कारणही तेच. चाक चालीच्या दिशेपासून १० मिनिटं तिरकं असेल तर दर किलोमीटरला ते जवळपास २.९ मीटर आडवं घासलं जातं. कॅम्बरमुळे भार आधीच आतल्या कडेवर, त्यात टो-आउट. कड जाणारच.

काय करून घ्यायचं, ते क्रमाने सांगतो. क्रम बदलला तर काम वाया जातं.

गाडी मशीनवर चढवण्याआधी हवा थंड टायरमध्ये दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे. टाकी शक्यतो भरलेली, डिकी रिकामी. मग चाकं अधांतरी असताना खेळ तपासायचा: १२ आणि ६ वाजताच्या जागी हात धरून हलवलं की बेअरिंग आणि बॉल जॉइंट कळतो, ९ आणि ३ वर धरून हलवलं की टाय रॉड एंड. पुढच्या तिरप्या आर्मचा मोठा रबर बुश टॉमीने दाबून बघायचा. त्याला चीर असेल किंवा आतलं तेल गळून काळा ओघळ आला असेल तर अलाइनमेंट करूच नका. ब्रेक दाबला की ते चाक मागे सरकतं आणि टो बदलतो.

मशीनवर टार्गेट (मशीन ज्यावरून कोन मोजतं ते फलक) रिमला लावल्यावर गाडी मागे-पुढे ढकलून रन-आउट, म्हणजे रिमच्या वाकडेपणाची चूक, काढून घ्यायचा. हा भाग घाईत टाळतात. रिमला १ मिमी जरी वाकडेपणा असेल तरी ५००च्या मापावर जवळपास ७ मिनिटांची चूक येते, आणि आपलं सगळं भांडणच १२ मिनिटांचं आहे. पुढच्या फिरत्या प्लेटच्या आणि मागच्या सरकत्या प्लेटच्या पिना काढलेल्या हव्यात. पुढून-मागून गाडी दाबून सोडायची म्हणजे सस्पेन्शन जागेवर बसतं.

त्यानंतर आधी मागचा कॅम्बर, मग मागचा टो, मग पुढचा कॅम्बर, सगळ्यात शेवटी स्टिअरिंग मध्यावर लॉक करून पुढचा टो. कारण सोपं आहे: कॅम्बर हलला की टो हलतो, आणि मागची रेषा हलली की पुढच्याचा संदर्भच बदलतो.

तुमच्या गाडीत मागे कॅम्बर आणि टो दोन्हींना एक्सेंट्रिक बोल्ट (फिरवला की आर्म सरकतो आणि कोन बदलतो असे) आहेत. माझ्या मते हे आकडे लावून घ्या: मागे कॅम्बर दोन्हीकडे −१°४०′, टो दोन्हीकडे +०°०८′, थ्रस्ट अँगल २ मिनिटांच्या आत. पुढे एकूण टो +०°०८′ ते ०°१०′. नट शेवटचा आवळताना टो २ ते ५ मिनिटं सरकतो. म्हणून पूर्ण टॉर्कला आवळल्यावरचा आकडा खरा, आधीचा नाही. स्क्रीनसमोर उभं राहून हा आवळल्यानंतरचा आकडा बघा, आणि एकूण टो नको, प्रत्येक चाकाचा वेगळा.

शेवटी स्कॅनर लावून स्टिअरिंग अँगल सेन्सरचा शून्य बिंदू नव्याने शिकवायचा. नाहीतर डीएससीला (गाडी घसरू न देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेला) वाटत राहतं की तुम्ही सतत थोडं वळताय. समोरच्या काचेवर कॅमेरा असेल तर थ्रस्ट अँगल बदलल्यावर त्याचंही कॅलिब्रेशन तपासून घ्या.

मोहदरी_घाट

वरचं सगळं बरोबर. एक भर घालतो, कारण ‘अंडरस्टिअर’ (वळणात नाक बाहेर जाणं) या एका शब्दाखाली तीन वेगळे आजार येतात आणि तिघांची औषधं वेगळी.

वळणात शिरताना नाक उशिरा येत असेल तर बघायचं पुढचा टो, टायरची हवा आणि ब्रेक कधी सोडताय ते. पुढे टो-इन जास्त असेल तर सुरुवातीचा प्रतिसाद सुस्त होतो. ब्रेक वळणाच्या आधीच पूर्ण सोडला तर पुढचं वजन मागे जातं आणि पुढच्या टायरला चावा घेता येत नाही.

वळणाच्या मध्यावर, वेग स्थिर असताना नाक बाहेर जात असेल तर तो भूमितीचा प्रश्न. पुढे कॅम्बर कमी, मागे टो-इन जास्त, पुढचा अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं रोखणारा दांडा) मागच्याच्या मानाने कडक.

आणि वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दिल्यावर नाक बाहेर गेलं तर ते ऑल-व्हील ड्राइव्हचं खास दुखणं. टायरची पकड एकच असते. तिच्यातली थोडी गाडी ओढायला खर्च झाली की वळायला तेवढी कमी उरते. पुढच्या चाकांना ताकद गेली की नेमकं हेच होतं. याला कॅम्बरचा उपाय नाही. स्टिअरिंग सुटायला लागल्यावरच पाय द्यायचा, आणि स्पोर्ट मोडमध्ये जिथे ताकद मागे जास्त राहते तिथे फरक पडतो का ते बघायचं. लोक या तिसऱ्या दुखण्यासाठी कॅम्बर प्लेट (सस्पेन्शनचं वरचं टोक सरकवून कॅम्बर बदलणारी) बसवतात, मग ‘काही फरक पडला नाही’ म्हणतात.

तुमची तक्रार डावी-उजवी वेगळी आहे, म्हणजे मधल्या प्रकारची. आधी दोन्ही बाजू सारख्या करा. त्यानंतर जे उरेल तो गाडीचा मूळ स्वभाव.

गंगापूररोड_३४०

मनापासून धन्यवाद. मागची वाटणी कुणी समजावूनच सांगितली नव्हती. वर्कशॉपला फोन केला. ‘मागचे बोल्ट फिरत नाहीत, म्हणून सोडले’ असं उत्तर मिळालं. जोर लावला तर तुटतील म्हणे. आता काय?

शिवाय एक विचार मनात आहे: लोअरिंग स्प्रिंग आणि कॅम्बर प्लेट एकदमच टाकू का, म्हणजे एकाच अलाइनमेंटमध्ये काम होईल?

सातपूर_पाना

बोल्टचं आधी.

एक्सेंट्रिक बोल्ट बुशच्या आतल्या लोखंडी नळीत गंजून धरतो. इगतपुरी-कसारा पट्ट्यात पावसाळ्यात गाडी नियमित फिरत असेल तर तिथे पाणी आणि चिखल सतत उडतो, धुऊन कुणी काढत नाही. नट सुटतो, पण बोल्ट नळीला घेऊन फिरतो आणि रबर पिळवटतं. ऑपरेटरला वाटतं बोल्ट फिरतोय, कोन मात्र हलत नाही. पाना सोडला की रबर बोल्टला परत जागेवर आणतं. ‘फिरत नाही’ याचा अर्थ बहुतेक वेळा हाच असतो.

उपाय: आदल्या दिवशी दोन-तीनदा चांगलं भेदक तेल, बोल्टच्या डोक्याकडून आणि नटाकडून, दोन्ही बाजूंनी. साधं इंजिन ऑइल नको, ते आत शिरत नाही. दुसऱ्या दिवशी नट दोन आटे सैल करून, नट बोल्टवरच ठेवून, तांब्याच्या किंवा पितळी हातोडीने बोल्टच्या टोकावर टकटक करायची. आटे वाचतात आणि गंजाचा पापुद्रा तुटतो. आग लावायची नाही. बुशचं रबर जळतं आणि शेजारी ॲल्युमिनियमचा आर्म आहे. तेवढ्यानेही सुटला नाही तर बोल्ट कापून काढायचा आणि नवा बोल्ट, नवी एक्सेंट्रिक वॉशर, नवा सेल्फ-लॉकिंग नट टाकायचा. नळी फारच खराब झाली असेल तर बुश किंवा आर्मसकट. पार्ट आधी मागवून ठेवा, म्हणजे गाडी रँपवर अडकत नाही. नव्या बोल्टच्या गुळगुळीत भागाला अँटी-सीझ पेस्टचा पातळ थर लावा, आट्यांना नाही, कारण आट्यांवर लागली तर टॉर्क चुकतो. टॉर्कचा आकडा तुमच्या चेसिस क्रमांकावरून कंपनीच्या रिपेअर मॅन्युअलमधून काढायला सांगा.

आणि हे कटाक्षाने बघा: रबर बुशचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडी स्वतःच्या वजनावर उभी हवी. चाकं लटकत असताना आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं. गाडीची उंची बदलते, दोन-चार हजार किलोमीटरमध्ये बुश फाटतो आणि अलाइनमेंट पुन्हा जातं.

पुढच्या कॅम्बरबद्दल. कंपनीच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये मोठी ॲडजस्टमेंट नाही. डाव्या-उजव्यातला १५ मिनिटांचा फरक काळजीचा नाही. पण फुकटात कमी होत असेल तर करून घ्या: पुढचा सबफ्रेम (ज्या चौकटीला सस्पेन्शनचे आर्म जोडलेले असतात ती) सैल करून मिलिमीटर-दीड मिलिमीटर एका बाजूला सरकवला की एका चाकाचा कॅम्बर वाढतो आणि दुसऱ्याचा तेवढाच कमी होतो. सबफ्रेमचे बोल्ट बऱ्याच गाड्यांत एकदाच वापरायचे असतात, तेवढे नवे घ्या.

मोहदरी_घाट

लोअरिंग स्प्रिंगला माझं स्पष्ट नाही. निदान आत्ता तरी नाही.

पुढे स्ट्रट (चाकाला वरून धरणारा स्प्रिंग-शॉकअबसॉर्बरचा खांब) असलेल्या गाडीत खालचा आर्म चाकाकडे किंचित खाली झुकलेला असतो. गाडी वळणात कलली, सस्पेन्शन दबलं, की आर्मचं टोक आडवं होत जातं आणि चाकाचा खालचा भाग बाहेर ढकलला जातो. त्यातून थोडा निगेटिव्ह कॅम्बर मिळतो. स्प्रिंगने गाडी ३०-३५ मिमी खाली आणली की आर्म आधीच आडवा. आता दबल्यावर टोक उलट आत यायला लागतं आणि कॅम्बर हवा तेव्हाच कमी होतो. शिवाय रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) गाडीच्या वजनाच्या मध्यापेक्षा जास्त खाली जातं, म्हणजे कडक स्प्रिंग असूनही कलण्याचा जोर वाढतो. वर टाय रॉडचा कोन बदलल्याने खड्ड्यात चाक स्वतःच वळतं, ते वेगळंच. दिसायला गाडी रुबाबदार, पण पुढचा टायर बाहेरच्या खांद्यावर चालतो. २० मिमीच्या पुढे जाऊच नये. आणि सिंहस्थाच्या कामांसाठी शहरात जागोजागी खोदाई चालू आहे, तिथे पुढचा बंपर आणि सबफ्रेम कुठे टेकेल हाही विचार करा.

कॅम्बर प्लेट मात्र खरी कामाची गोष्ट आहे, फक्त नंतर. रोजच्या वापराला पुढे −१°१५′ ते −१°३०′ पुरे. अडीच अंश हे ट्रॅकचे आकडे. समृद्धीवर सरळ १२० ने तासन्‌तास गेलात तर आतली कड तापून जाईल. प्लेट घेताना रबर बेअरिंगची घ्या. उघड्या स्फेरिकल बेअरिंगमध्ये आपल्याकडची धूळ आणि पावसाळा वर्षभरात खडखड आणतो.

प्लेटने कॅम्बर वाढवला की पुढचा टो बदलतो, आणि कुठल्या बाजूला ते स्टिअरिंग रॅक कुठे आहे त्यावर ठरतं. तुमच्या गाडीत रॅक ॲक्सलच्या पुढे आहे, म्हणून टो-आउटकडे जाईल. फोक्सवॅगन गोल्फ किंवा मित्सुबिशी लान्सर इव्होसारख्या गाडीत रॅक मागे, तिथे टो-इनकडे जातो. म्हणून ‘प्लेट बसवून घरी जातो, अलाइनमेंट रविवारी’ असं करू नका. १ अंश कॅम्बर बदलला तर टो इतका जातो की नवा टायर आठवड्यात पिसासारखा होतो.

एका वेळी एकच बदल, हे पाळा. मागचा टो, पुढची प्लेट आणि स्प्रिंग एकाच दिवशी बदललं तर कशाने काय झालं ते कधीच कळत नाही.

अंबड_ट्रान्सफरकेस

टायरच्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही, तो मी घेतो. ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये सगळ्यात महाग चूक हीच आहे.

तुमच्या एक्सड्राइव्हमध्ये मागची चाकं कायम इंजिनला जोडलेली. पुढच्यांना ताकद गिअरबॉक्सच्या मागच्या ट्रान्सफर केसमधल्या मल्टिप्लेट क्लचमधून जाते. पुढच्या आणि मागच्या टायरचा घेर वेगळा असेल तर सरळ रस्त्यावरही दोन्ही शाफ्ट वेगळ्या गतीने फिरतात आणि क्लच जोडलेला असताना प्लेटा सतत घसरतात. तेल तापतं, काळं पडतं. मग ४० ते ६० च्या वेगात हलका ॲक्सिलरेटर दिला की गाडी हुंदके दिल्यासारखे धक्के देते, आणि पार्किंगमध्ये पूर्ण वळवताना अडकल्यासारखी चालते. पुष्कळ लोक ते गिअरबॉक्सचं दुखणं समजतात.

कागदावर तुमची मापं छान जुळतात. २२५/४० आर१९ चा व्यास ६६२.६ मिमी, २५५/३५ आर१९ चा ६६१.१. फरक पाव टक्क्याच्याही आत. आता झीज धरा. नवा टायर ८ मिमी मानला, पुढचे ५ वर आहेत, तर त्यांचा व्यास ६ मिमीने घटून ६५६.६. मागे नवे टाकले तर ६६१.१. फरक साडेचार मिमी, म्हणजे ०.७ टक्के. हे चालून जाईल. पुढचे ३ मिमीवर असते तर फरक ८.५ मिमी, १.३ टक्के. तेव्हा मी चारही बदला म्हटलं असतं. मी स्वतः १ टक्क्याच्या आत राहायचं हा नियम पाळतो. सुबारू तर घेरातला फरक पाव इंचाच्या, म्हणजे सव्वासहा मिमीच्या आत ठेवायला सांगते. तो झिजेत जेमतेम १ मिमी होतो. यावरून विषय किती नाजूक आहे ते लक्षात घ्या.

म्हणजे मागचे दोन बदला, पण दोन्ही एकदम, त्याच कंपनीचे, त्याच मॉडेलचे, बाजूवर बीएमडब्ल्यूची तारा-खूण असलेलेच. २५५/३५ आर१९ असं छापलेले दोन कंपन्यांचे टायर घेरात चांगलेच वेगळे निघतात. फक्त डावा खराब झालाय म्हणून एकच बदलू नका: मागे तुमच्याकडे इलेक्ट्रॉनिक लॉक होणारा डिफरेन्शियल आहे, डाव्या-उजव्याचा फरक त्याच्या प्लेटा खातो. पुढे मोठा टायर हवा म्हणून २४५/४० टाकण्याचा सल्लाही ऐकायला मिळतो. त्याचा व्यास ६७८.६, म्हणजे मागच्यापेक्षा अडीच टक्के जास्त. तो विषयच सोडा.

खात्री करायची तर कागद बाजूला ठेवा आणि जमिनीवर मोजा. हवा बरोबर भरून टायरच्या तळाला आणि फरशीला खडूची एकच रेघ मारा. गाडी हळू, सरळ ढकलत चाकाच्या बरोबर ५ फेऱ्या करा, पुन्हा रेघ मारा, टेपने मोजा. १० मीटरच्या वर आकडा येईल. पुढचं आणि मागचं चाक एकाच ढकलण्यात मोजलं की तुलना खरी होते. १० मीटरला १० सेंमी म्हणजे १ टक्का, इतकं सोपं.

हवेकडेही बघा. तापमान १० अंशांनी बदललं की साधारण दीड-दोन पीएसआय बदलतं. हिवाळ्यात निफाडच्या बाजूला पहाटे पारा एक आकडी असतो आणि दुपारी तिशीत. मे महिन्याच्या दुपारी पेट्रोल पंपावर तापलेल्या टायरमध्ये ‘बरोबर’ भरलेली हवा जानेवारीच्या सकाळी पाच-सहा पीएसआय कमी निघते.

क्वाट्रो_पांडवलेणी

ज्यांच्याकडे एम३४०आय नाही त्यांच्यासाठी थोडं. सगळ्या ऑल-व्हील ड्राइव्हना एकच सेटिंग लावू नका.

आडवं इंजिन आणि मागे हॅल्डेक्स पद्धतीचा (गरजेपुरती मागच्या चाकांना ताकद देणारा) क्लच असलेल्या गाड्या (मर्सिडीज-एएमजी ए३५, ए४५, ऑडी एस३ या घराण्यातल्या) मुळात पुढच्या चाकांच्या गाड्या आहेत. वजन नाकावर. तिथे मागचा टो-इन जास्त ठेवला तर गाडी वळतच नाही. दोन्ही चाकांना ४ ते ६ मिनिटं पुरतात आणि मागचा थोडा कडक अँटी-रोल बार सगळ्यात जास्त फरक पाडतो. कारण वळणातला भार-बदल मागे जास्त झाला की पुढच्या बाहेरच्या टायरवरचं ओझं हलकं होतं. ओल्या घाटात मात्र तोच बार मागचा भाग लवकर सोडवतो. तीन भोकांचा बार असेल तर पावसाळ्यात मऊ भोकावर ठेवा.

उभ्या इंजिनाच्या ऑडी क्वाट्रोमध्ये इंजिनचा बराच भाग पुढच्या ॲक्सलच्याही पुढे लटकतो. मधला डिफरेन्शियल ताकद ४०:६० अशी मागे जास्त देतो, तरी ते लटकतं वजन वळणात नाकाला बाहेर ओढतंच. तिथे पुढचा कॅम्बर आणि नवे टायर याने सुधारणा होते, मागे फार खेळू नये.

जुन्या इव्होत, सात ते नऊमध्ये, कंपनीनेच सोय करून ठेवलीय. स्ट्रटच्या वरच्या बोल्टवर खूण असते, तो उलटा फिरवून घातला की पुढचा कॅम्बर −१ चा −२ होतो. फुकटचा अंश आहे. अट तीच, लगेच टो लावायचा.

गंगापूररोड_३४०

अंबडभाऊ, मागचे दोन टायर सांगून टाकले. मशीनवर जाण्याआधी मागचा टो घरच्या घरी बघता येईल का? म्हणजे ऑपरेटरसमोर आकडा घेऊनच जाईन.

सातपूर_पाना

येईल, आणि मागची वाटणी पकडायला दोरीइतकं खात्रीचं दुसरं काही नाही.

पार्किंगमधली फरशी सपाट आहे का ते गवंड्याच्या पाण्याच्या नळीने बघा. चार चाकांखाली ३ मिमीपेक्षा जास्त फरक नको, असेल तिथे पुठ्ठा घाला. प्रत्येक चाकाखाली दोन गुळगुळीत टाइल, मध्ये ग्रीस, म्हणजे चाक अडकून राहत नाही. दोन सरळ पाइप गाडीच्या पुढे आणि मागे स्टँडवर आडवे ठेवा. दोन्ही पाइपवर सारख्याच अंतरावर खुणा करून डाव्या-उजव्या बाजूने तंगूस ताणा, चाकाच्या मध्याच्या उंचीला. पाइप असे सरकवा की पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यापासून दोरीचं अंतर डावं-उजवं सारखं, आणि मागच्या दोन्हींचंही डावं-उजवं सारखं. पुढचं आणि मागचं अंतर एकमेकांशी वेगळं येईल, येऊ द्या, दोन ॲक्सलची रुंदी वेगळी आहे.

मग मागच्या चाकाच्या रिमची पुढची कड आणि मागची कड, दोरीपासून अर्ध्या मिलिमीटरच्या स्टील पट्टीने मोजा. पुढची कड दोरीपासून लांब असेल तर टो-इन. कडेपासून कडेपर्यंत ५०० मिमी धरले तर १० मिनिटांना दीड मिमीला थोडं कमी. प्रिंट खरी असेल तर उजव्याला जवळपास ३ मिमी टो-इन दिसेल आणि डाव्याला अर्धा मिमी टो-आउट. मग चाकाची बरोबर अर्धी फेरी होईल इतकी गाडी पुढे ढकलून पुन्हा मोजा आणि दोन्हींची सरासरी घ्या, रिमचा वाकडेपणा निघून जातो.

कॅम्बरला ओळंबा. चाकासमोर सोडा, रिमची वरची आणि खालची कड दोऱ्यापासून किती लांब ते मोजा. ५०० मिमीला १ अंश म्हणजे पावणेनऊ मिमी.

गंगापूररोड_३४०

आज सकाळी मोजलं. मागचा उजवा ३ मिमी टो-इन, डावा अर्धा मिमी टो-आउट, अर्ध्या फेरीनंतरही तेच. बोल्टना भेदक तेल मारून ठेवलंय, नवे बोल्ट, वॉशर आणि नट मागवलेत. मागचे टायर आले की अलाइनमेंट.

सातपूर_पाना

टायर आधी बसवा, मग अलाइनमेंट, हा क्रम बरोबर. खाल्लेल्या कडेवर गाडी उभी राहिली तर उंची आणि कॅम्बर दोन्ही किंचित चुकतात. ऑपरेटरला कागदावर हेच लिहून द्या: चारही चाकं, मागचा टो प्रत्येकी ०°०८′, थ्रस्ट अँगल ०°०२′ च्या आत, आकडा नट आवळल्यानंतरचा. नंतर ८०० ते १००० किमीला मागच्या दोन्ही एक्सेंट्रिक बोल्टच्या डोक्यावर आणि ब्रॅकेटवर मिळून पेनाने मारलेली रेघ अजून जुळते का ते बघा. ती रेघ रँपवरून उतरण्याआधीच मारून घ्या.